महिला स्पर्धांची सन्मानचिन्हं : गोव्याच्या बाजारात काय घ्यावं, काय टाळावं

श्रावण लागला की गोव्यात महिलांच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. फुगडी, घुमट आरती (घुमट म्हणजे मातीच्या घागरीला चामडं ताणून केलेलं वाद्य), भजन, मग एकांकिका आणि पूर्ण लांबीची नाटकं. प्रत्येक स्पर्धेमागे सन्मानचिन्हांची ऑर्डर असते आणि ती बहुतेक मंडळं शेवटच्या आठवड्यात, कॅटलॉगमधला नंबर फोनवर सांगून मोकळी होतात. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव इथं मिळणाऱ्या मुख्य प्रकारांचा हा आढावा आहे. कुठल्याही दुकानाचं नाव इथं घेतलेलं नाही, कारण माल बराचसा तोच असतो. फरक पडतो तो अक्षरांच्या कामात. आणि कसोटी एकच लावली आहे: दहा पावसाळे काढल्यावर त्या वस्तूवरचं बाईचं नाव वाचता येईल का?

ही कसोटी का, ते सांगायला हवं. गोव्याच्या थोर गायिका केसरबाई केरकरांना १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६९ साली पद्मभूषण. गायिका मोगूबाई कुर्डीकरांना अकादमीचा पुरस्कार १९६८ साली, पद्मभूषण १९७४ साली. या नोंदी सरकारदरबारी आहेत, पुसल्या जाणार नाहीत. पण वाड्यावरच्या फुगडी स्पर्धेत पहिल्या आलेल्या पथकाची किंवा गावच्या एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस घेतलेल्या मुलीची नोंद कुठं असते? बॅनर दुसऱ्या दिवशी उतरतो, मंडळाचं रजिस्टर नव्या कमिटीपर्यंत पोचतंच असं नाही. पुरावा म्हणून उरतं ते तिच्या घरातलं चिन्ह. त्यावर नुसतं ‘प्रथम पारितोषिक’ आणि खाली प्रायोजकाचा मोठा लोगो असेल, तर तो पुरावा कसला?

सगळ्यात जास्त खपतं ते ॲक्रिलिक. सहा ते दहा इंच उंची, आठ-दहा मिलिमीटर जाडीचा तुकडा, खाली काळा बेस. माणशी पाचशेच्या आत बजेट असेल तर हाच पर्याय सर्वांत बरा, पण दोन गोष्टी बघून. पहिली म्हणजे ॲक्रिलिक कास्ट (साच्यात ओतलेलं) आहे की एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेलं). कास्टवर लेझरने कोरलं की अक्षर दुधी पांढरं उमटतं आणि लांबून वाचता येतं. एक्स्ट्रुडेडवर ते काचेसारखं पारदर्शकच राहतं, कडा वितळलेल्या दिसतात, आणि उजेड नेमका पडला नाही तर काहीच दिसत नाही. दुकानदाराला त्याच पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यावर एक शब्द कोरून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. दुसरी गोष्ट सांधा. बेस आणि उभा तुकडा क्लोरोफॉर्मने चिकटवतात. नीट चिकटला तर दोन्ही एकजीव होतात, घाईत चिकटवला तर सांध्यात बुडबुडे दिसतात. वरचा भाग धरून चिन्ह उचला आणि बेसला हलकेच पीळ द्या. सांधा कुरकुरला तर परत करा. बेसला खालून स्क्रू मारलेला असेल तर उत्तमच.

रंगीत छपाई हवी असेल तर ती ॲक्रिलिकच्या मागच्या बाजूने, उलटी करून घ्यावी आणि तिच्यामागे पांढऱ्या शाईचा थर द्यायला सांगावं. समोरून छापलेली शाई नुसती वर बसलेली असते. नखाने कड खरवडली की सुटायला लागते. आणि चिन्ह घरी देताना एवढं जरूर सांगा: स्पिरिट, सॅनिटायझर किंवा काच पुसायचा फवारा यावर मारू नका. लेझरने कापलेल्या कडांमध्ये ताण राहिलेला असतो, स्पिरिट लागलं की तिथून केसासारख्या बारीक चिरा धावतात. मऊ ओलं फडकं पुरतं.

एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचं चिन्ह घेऊ नये. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. फळीच्या कापलेल्या कडा पाणी ओढतात, फुगतात, आणि वर चिकटवलेला छापील कागद सुटतो. स्वस्त मिळतं म्हणून घ्यावं असं यात काही नाही.

सोनेरी कप आणि पुतळ्यांचं वेगळं दुखणं आहे. आत प्लास्टिक किंवा जस्ताचा मिश्रधातू, वर पातळ मुलामा. स्टेजवर झगमगतात, फोटो छान येतो. पण मिरामार, कळंगुट, कोळवा, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, आधी काळे ठिपके येतात, मग खालून पांढरी पूड निघते. घासून ते जात नाही, उलट उरलेला मुलामाही जातो. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरतो आणि तिथं उत्कृष्ट अभिनेत्रीला रौप्य मयूर मिळतो, म्हणून अलीकडे मोराच्या आकाराच्या सोनेरी ट्रॉफ्यांची मागणी वाढलेली दिसते. गावच्या स्पर्धेनं स्वतःची वस्तू शोधावी. दिल्ली-मुंबईच्या कॅटलॉगमधला मोर पेडण्यात किंवा काणकोणात कशाला?

स्वतःची वस्तू म्हटली की समई आधी आठवते, आणि आमचं पहिलं मत तिलाच. डिचोलीच्या कांसारांचं पितळकाम अजून टिकून आहे. समई बूड, दांडी, तबकडी आणि वरचा कळस अशी सुट्या भागांची असते, भाग आट्यांनी एकमेकांत बसतात. दर किलोवर ठरतो, त्यामुळे वजन समोर करून घ्या आणि भाग सुटे करून घ्या. दांडी आतून पोकळ असते, हे चुकीचं नाही; पण बूड उलटं करून पाहा, आत काही भरून वजन वाढवलेलं नसावं. आटे दोन-तीन वेळा फिरवून बघा. तिरके पाडलेले असले तर समई उभी राहिल्यावर कळस एका बाजूला झुकतो, आणि ते तेल घातल्यावरच लक्षात येतं. तबकडी रात्रभर पाण्याने भरून ठेवा. सकाळी दांडीखाली ओल दिसली तर तेलही असंच गळणार. स्पर्धेसाठी दहा ते बारा इंचांची समई पुरे. त्याहून मोठी एका हाताने धरता येत नाही आणि स्टेजवर दुसऱ्या हातात शाल, नारळ, पाकीट असतंच.

समईवर नाव कुठं घालायचं हा खरा प्रश्न. बुडाचा काठ गोलाकार असतो. तिथं सपाट वस्तूसाठी लावलेल्या लेझरने अक्षर मधोमध खोल आणि टोकांना पुसट येतं. शिवाय ॲक्रिलिक कोरणारं सीओटू लेझर पितळावर चालत नाही, त्याला फायबर लेझर लागतं, आणि गोल वस्तू फिरवणारी जोडणीही. ती नसेल तर भांड्यांवर नावं घालणारे विजेच्या टोच्याने हाताने कोरतात, तो मार्ग उलट चांगला. अक्षर थोडं वाकडं येईल पण खोल येतं आणि शंभर वेळा घासलं तरी जात नाही. मजकूर मोठा असेल तर समई लाकडी पाटावर बसवून पाटाला पितळी पट्टी लावावी. पाट सागाचा किंवा फणसाचा, खालच्या बाजूनेही पॉलिश केलेला. खाली मखमल चिकटवायचा मोह टाळा. ती ओल धरते आणि पाट बुडातून काळा पडतो.

पितळाला लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप, मारून घ्यावं का? नुसतं शोकेसमध्ये राहणार असेल तर हो. पण दिवा लावणार असतील तर नको, कारण ज्योतीजवळचं लॅकर पिवळं पडून सोलपटतं. बिनलॅकरची समई सोलांच्या किंवा चिंचेच्या पाण्याने घासली की लख्ख होते. मात्र कोरलेल्या अक्षरात काळा रंग भरलेला असेल तर तेवढी जागा सोडून घासायला सांगा.

दुसरं मत अझुलेज, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइलला. गोव्यातल्या घरांच्या नावाच्या पाट्या ज्या निळ्या-पांढऱ्या टाइलवर असतात, तीच कला. सहा इंचांची एक टाइल लाकडी चौकटीत बसवली की सुंदर सन्मानचिन्ह होतं, आणि रंग भट्टीत भाजून चकाकीशी एकजीव झालेला असल्याने ऊन, ओल, खारी हवा यांतलं काहीच त्याला बाधत नाही. टिकाऊपणात पितळालाही मागे टाकतं. धोका फक्त पडून फुटण्याचा, म्हणून चौकट टाइलच्या कडेपेक्षा तीन-चार मिलिमीटर वर आलेली असावी. पण बाजारात टाइलच्या नावावर तीन वेगळ्या वस्तू मिळतात. हाताने रंगवून भाजलेली, साध्या रंगाने वरून रंगवलेली न भाजलेली, आणि लेप दिलेल्या टाइलवर उष्णतेने फोटो उतरवलेली. कोपऱ्यात नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस फिरवा. भाजलेल्या रंगाला काही होत नाही, न भाजलेला कापसावर उतरतो. फोटोची टाइल छापील ठिपक्यांवरून भिंगाखाली ओळखता येते. उन्हात ती दोन-तीन वर्षांत फिकी पडते. भाजलेल्या टाइलला वेळ लागतो: रंगवणं, वाळवणं, भट्टी, थंड होणं. तीन आठवडे हाताशी धरूनच जा. रंगवणाऱ्याला देवनागरी सरावाची असेलच असं नाही, म्हणून मजकूर टाइलच्या मापाचा छापून द्यावा, म्हणजे तो खाली ठेवून गिरवता येतो.

छोटं घुमट देण्याची पद्धतही रुळते आहे. २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, महिलांच्या आरती पथकांना ते देणं फार शोभतं. मातीची घागर वाजवून बघा. टणक नाद आला पाहिजे, बद्द आवाज म्हणजे तडा. चामडं बकऱ्याचं हवं. घोरपडीचं कातडं कायद्याने बंद आहे, कुणी ‘अस्सल’ म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका. नाव मातीवर रंगवू नये, ते झिजतं. स्टँडच्या पट्टीवर घालावं.

आता अक्षरांचं. सगळ्यात जास्त चुका इथं होतात आणि त्या सगळ्या टाळता येतात. व्हॉट्सॲपवर मजकूर टाइप करून पाठवला जातो, दुकानात तो कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतात. जुन्या आवृत्तीत युनिकोड मराठी नीट बसत नाही: ‘द्वितीय’ची वेलांटी भलत्या अक्षरावर, ‘सर्वोत्कृष्ट’चा रफार सुटलेला, ‘नाट्य’चा ट पाय मोडून उभा. मग चालक तोच मजकूर जुन्या फॉन्टमध्ये परत टाइप करतो आणि नव्या चुका होतात. उपाय सोपा आहे. मजकूर आपण वर्डमध्ये किंवा गुगल डॉक्समध्ये टाइप करून पीडीएफ करायचा आणि दुकानाला सांगायचं, हा अक्षरं न मानता आकार म्हणून घ्या. फॉन्ट जाड आणि सारख्या जाडीचा हवा. मुक्ता किंवा बालू फुकट मिळतात आणि कोरण्यात चांगले धरतात. बारीक रेघेचे, वळणदार फॉन्ट पितळावर तुटतात.

माप: नाव किमान १० मिमी उंचीचं, बाकी मजकूर ५ मिमीच्या खाली नको. त्याहून लहान झालं की ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक बुजतो. दोन ओळींत अंतर मोकळं ठेवा, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत शिरतात. पक्कं करण्याआधी त्याच मापाची कागदी प्रिंट काढून घ्या आणि हातभर अंतरावरून, स्पर्धेशी संबंध नसलेल्या माणसाकडून वाचून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर मोठं करून बघण्यात अर्थ नाही.

मजकूर असा असावा: बक्षीस कशाचं आणि कितवं, तिचं नाव, नाटक आणि भूमिका, पथक आणि गाव, स्पर्धा, आयोजक, साल. भूमिकेचं नाव बहुतेक मंडळं गाळतात, ते गाळू नये. जिथं पुरुष पात्रंही बायकाच उभी करतात, तिथं तर तीच माहिती सर्वांत मोलाची. दिग्दर्शन, प्रकाशयोजना, रंगभूषा यांची बक्षिसं घेणाऱ्यांनाही अभिनयाच्या मापाचंच चिन्ह द्यावं, लहान नव्हे. प्रायोजकाचं नाव मागच्या बाजूला किंवा बेसवर, आणि तिच्या नावापेक्षा लहान.

नाव तिला विचारूनच. अर्ज बहुधा पथकप्रमुखाने भरलेला असतो आणि त्यात ‘सौ.’ लावून नवऱ्याचं नाव मधे घातलेलं असतं. कलेत ती कुठल्या नावाने ओळखली जाते हे वेगळं असू शकतं. १९७६ साली अकादमीचा पुरस्कार मिळवणाऱ्या गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे गोव्यात जन्मल्या तेव्हा दुर्गा केळेकर होत्या. केरकर आणि कुर्डीकर ही नावं केरी आणि कुर्डी या गावांची. त्यातलं जुनं कुर्डी साळावली धरणात गेलं, पण मोगूबाईंच्या नावात ते आहेच. तेव्हा ‘गांवकर’वर अनुस्वार आहे की नाही, ‘शेटये’ की ‘शेट्ये’, ‘वेलिंगकर’ की ‘वेळिंगकर’, हे ज्याचं त्याचं घराणं ठरवतं. आधारकार्डाच्या इंग्रजीवरून नाव उतरवू नका. तिच्या हातचं देवनागरीत लिहून घ्या, फोटो काढून ठेवा.

पण निकाल तर शेवटच्या नाटकानंतर त्याच रात्री लागतो, मग नाव आधी कसं घालणार? यावर चालणारा मार्ग एकच. चिन्हावर स्पर्धा, बक्षीस आणि साल आधी कोरून घ्यायचं आणि साधारण ८० बाय ४० मिमीची कोरी पितळी पट्टी दोन स्क्रूंनी बसवून ठेवायची. स्टेजवर चिन्ह द्यायचं, फोटो होऊ द्यायचे, आणि पट्टी तिथंच काढून घेऊन आठ दिवसांत कोरून घरपोच करायची. पट्टी दुतर्फी टेपने चिकटवू नका. एप्रिल-मेच्या उष्म्यात टेप सैल होते, पावसात सुटते. पट्टी पोचवायची जबाबदारी कमिटीतल्या एका व्यक्तीवर नावानिशी टाका, नाहीतर ती कुणाच्या तरी खणात पडून राहते. संगीत नाटक अकादमी आपल्या मानकऱ्यांना अंगवस्त्राबरोबर ताम्रपत्र देते. तांबं-पितळावर कोरलेल्या ओळीला तोड नाही हे तिथंही मान्य आहे.

फुगडी किंवा भजनाच्या पथकात बारा-पंधरा जणी असतात आणि चिन्ह एकच, ते प्रमुखाच्या घरी जातं. बजेट बेताचं असेल तर मोठ्या चिन्हाचा खर्च निम्मा करून प्रत्येकीला नावाचं लहान पितळी पदक द्यावं. पन्नास मिलिमीटरचं पुरतं. फिरत्या करंडकावर दर वर्षीची पट्टी लावताना पथकाबरोबर दिग्दर्शिकेचंही नाव घालावं, जागा तेवढी असते.

प्रमाणपत्राला २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) जाड कागद आणि लेझर प्रिंट. साध्या इंकजेटची शाई ओलीत पसरते. लॅमिनेशन नको, कडेने हवा शिरली की आत बुरशी धरते आणि मग काढताही येत नाही. फ्रेम करायची तर काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची जाड पट्टी हवीच, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटून राहतो.

शालीच्या बाबतीत आता कुणबी विणीची शाल सर्रास देतात, चांगली गोष्ट आहे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्याच्या पारंपरिक लाल चौकडीच्या कुणबी साडीला पुन्हा उजेडात आणल्यापासून मागणी वाढली आणि त्याबरोबर यंत्रावरची नक्कलही. उलटी करून बघा: हातमागावर चौकडी दोन्ही बाजूंना सारखी असते आणि किनारीला बारीक असमानपणा असतो, छापील नक्कल मागून फिकी दिसते. लाल रंग पहिल्या धुण्यात सुटू शकतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने कोपरा चोळून पाहा आणि शालीसोबत ‘पहिल्यांदा वेगळी, थंड पाण्यात धुवा’ अशी चिठ्ठी ठेवा.

ऑर्डरचं वेळापत्रक: टाइल आणि समई चार आठवडे आधी, ॲक्रिलिक दहा दिवस आधी, चतुर्थीच्या आसपासची स्पर्धा असेल तर सगळ्यालाच एक आठवडा जास्त. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली मजकूर तपासून माल ताब्यात घेतल्यावर. पावतीवर धातू, वजन, जाडी, आणि ‘अक्षरात चूक झाल्यास दुकान विनामूल्य बदलून देईल’ ही ओळ लिहून घ्या. मंजूर केलेल्या कागदी प्रिंटवर दोघांच्या सह्या असल्या की पुढं वाद होत नाही.